याडीची वकील

पळसकुंड तांडा, ता. उमरखेड
२२ जानेवारी २०२३

ओमभाऊ,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पोस्टाने. चाकणला पोस्टमन येईल तेव्हा तू कंपनीत असशील, खोलीवरच्या पोरांपैकी कोणीतरी घेईल. वाचावंसं वाटलं नाही तर नुसतं ठेवून दे.

याडीला तू रोज फोन करतोस. ती दरवेळी "बरं हाय रे" म्हणते आणि जेवलास का विचारते. पोटच्या पोराला परगावी आणखी काय सांगणार? पण बरं नाही, भाऊ. उजवा गुडघा वाकत नाही. आत सळई आहे आणि डॉक्टर म्हणतात, याच्यापुढे फारसा वाकणार नाही. परवा ती वॉकर घेऊन अंगणवाडीत जाऊन आली. लेकरं खाली पंगतीत बसलेली आणि ही दारात उभी. ऑक्टोबरपर्यंत मदतनीस म्हणून याच लेकरांना मांडीवर घेऊन खिचडी भरवत होती. घरी आली आणि म्हणाली, "मले पाहून थोडे भेले." वर हसली.

अपघाताच्या दिवशी स्कूटी मी चालवत होते. हे मी कुठेच नाकारलं नाही. गिट्टीचा टिप्पर आम्हाला ओलांडून पुढे गेला आणि इशारा न देता डावीकडे खदानीच्या रस्त्याला वळला. मी रस्त्याच्या कडेला फेकले गेले, याडी चाकाच्या बाजूला. यवतमाळच्या दवाखान्यात सगळ्यांसमोर तू म्हणालास, "याडीचा पाय तू घेतला."

पण तू गेलास तो त्यासाठी नाही. लखीरामसाठी गेलास. म्हणून ते लिहिते, कारण तुला वाटतं की याडीला मी शिकवलं.

तुझ्या मित्राचा मेहुणा, तो लखीराम, तिसऱ्याच दिवशी वॉर्डात आला. हातात फाइल, खिशात शिक्का. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्याने मला विचारलं, "गाडी कोनं चालवली? लायसन हाय?" मी याडीची चादर सारखी करत राहिले. तेव्हा तो तुझ्याकडे वळला, "तुह्याजवळ हाय ना लायसन? मंग गाडी तू चालवत होता. मॅटर सेट." नागपूरचे मोठे वकील, सहा महिन्यांत काम, तिसरा हिस्सा त्यांचा. तू कागदावर सही करून मोकळा झालास. मग त्याने याडीच्या हातात पेन दिला.

ती म्हणाली, "वकील कुठं हाय?"

"साहेब नागपूरले असते. त्याहिले यायची गरज नाई."

"त्याहिनं मले पाह्यलं नाई, मी त्याहिले पाह्यलं नाई. तू आला तवापासून पाय कसा हाय हे बी मले विचारलं नाई. सही कायची करू?"

तू म्हणालास, "याडी, चार लोकांसमोर माही इज्जत काढू नको." तिने भिंतीकडे तोंड केलं. तू त्याच संध्याकाळी पुण्याच्या गाडीत बसलास.

बस, एवढंच झालं. मी काही शिकवलं नाही. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते आज लिहीत नाही.

अर्पिता


१२ फेब्रुवारी २०२३

ओमभाऊ,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते.

ग्रामसेवक सांगून गेले की अपघाताच्या भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. म्हणजे अकरा एप्रिलपर्यंत. मी मोबाइलवर वकील शोधून याडीला दाखवले. कोणाला पाच तारे, कोणाला साडेचार. फोटोत सगळ्यांच्या मागे जाडजाड पुस्तकं. तिने दोन-तीन फोटो पाहिले आणि म्हणाली, "मले पुसदच्या कोर्टात नेऊन बसव."

"कोनाकडं जाचं पन?"

"कोनाकडं नाई. नुसतं बसव."

तीन वेळा गेलो, एसटीने. कंडक्टर पुढची सीट रिकामी करून देतो, पण पाय सरळ ठेवावा लागतो, येणारा-जाणारा त्यावर अडखळतो आणि ही प्रत्येकाची माफी मागते. कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब बाक आहे. सकाळी अकराला बसायची ती चारपर्यंत. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पहिल्या दिवशी मी दूर जाऊन उभी राहिले, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून.

तिने एकाही वकिलाला काही विचारलं नाही. बाकावर येऊन बसणाऱ्या बायांना विचारलं. तुमचा वकील फोन उचलते का? तारखेले सोता येते का कोनाले पाठवते? काम बिघडलं त सांगते का लपवते? एक बाई चार वर्षांपासून येत होती आणि तिला तिचा वकील कोण हेच नीट माहीत नव्हतं, दरवेळी वेगळा पोरगा कोट घालून यायचा. याडी तिच्याशी तासभर बोलली. डबाही तिच्यासोबत खाल्ला.

दुसऱ्या खेपेला एक वकील वॉकर पाहून आपण होऊन आले. उंच, इस्त्रीचा कोट, चांगला माणूस वाटला. "माउली, काय झालं? माझ्याकडे द्या केस, निश्चिंत राहा." कार्ड दिलं. मला पसंत पडले. ते गेल्यावर याडी म्हणाली, "गोड बोलते. पन त्याच्या मांगं एक म्हातारा उभा होता, त्याले दोनदा 'नंतर' म्हटलं. मले आता 'या' म्हनते, उद्या मले बी 'नंतर' म्हनन."

तिसऱ्या दिवशी तिला हवं ते दिसलं.

एक वकीलबाई, चाळिशीच्या, ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी. कोर्टातून बाहेर आल्या आणि बाकावरच्या एका आजोबांच्या शेजारी बसल्या. आजोबा गोंड होते. बाई त्यांच्याशी गोंडीत बोलत होत्या. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण तारीख पुढे गेली हे आजोबांच्या चेहऱ्यावरून कळलं. आजोबांनी काहीतरी विचारलं, बाईंनी सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं असावं, कारण बाईंनी पुन्हा तसंच सांगितलं, या वेळी बोटं मोजून. तिसऱ्यांदा विचारलं. बाई उठल्या नाहीत. आत पुकारा चालू होता, एक शिपाई बोलवायला येऊन गेला, तरी आजोबांनी मान हलवेपर्यंत बसून राहिल्या.

याडी मला म्हणाली, "हिचं नाव विचारून ये."

ॲडव्होकेट नयन कुमरे.

अर्पिता


२७ फेब्रुवारी २०२३

भाऊ,

आज लिहायला बसले, पण चार कागद फाडले. तू हे शेवटपर्यंत वाच, मग वाटेल ते कर.

नयन मॅडमचं ऑफिस पुसदला एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, याडीला चढता येईना. मी वर जाऊन सांगितलं तर मॅडम फाइल घेऊन खाली आल्या. दुकानदाराने दोन खुर्च्या दिल्या. बियाणांच्या पिशव्यांमध्ये बसून आमचं बोलणं झालं.

त्यांनी आधी याडीलाच विचारलं, पाय कसा आहे, रात्री दुखतो का, काय काय करायचीस, आता काय जमत नाही. लिहून घेतलं. मग याडीने विचारलं, आणि मी लाजेने मान खाली घातली, कारण ती पोलिसासारखी विचारत होती.

"मॅडम, तुमी सोता उभ्या राहान का दुसऱ्याले पाठवान?"

"मी स्वतः. आजारी पडले तर तारीख मागीन, पण तुम्हाला आधी फोन करीन."

"अशा केसा किती केल्या?"

"ऐंशीच्या वर."

"हरल्या किती?"

मॅडमने पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "पाच. एक माझ्या चुकीनं हरले. साक्षीदार गाव सोडून गेला आणि मी त्याला वेळेवर शोधलं नाही. ती बाई अजून रस्त्यात भेटते. मी तिच्याशी बोलते, ती माझ्याशी बोलत नाही."

याडी त्यांच्याकडे पाहत राहिली. मग फीचं विचारलं. त्या म्हणाल्या, मी हिस्सा घेत नाही, वकिलानं तो घ्यायचा नसतो, फी ठरलेली आहे आणि ती टप्प्याटप्प्यानं दिली तरी चालेल. किती मिळेल, असं मी विचारलं. "आज सांगितलं तर ते खोटं असेल," म्हणाल्या.

आणि मग त्यांनी पोलिसांचे कागद मागितले, आणि मला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

भाऊ, मी म्हणाले, "भाऊ."

तोंडातून तसंच आलं. याडीने माझ्याकडे पाहिलं. मॅडमने फिर्याद काढली आणि बोट ठेवून वाचली. अपघात पाहणाऱ्या ढाबेवाल्याने त्याच दिवशी लिहून दिलं होतं, स्कूटीवर दोन बाया होत्या, तरुण मुलगी चालवत होती. लखीरामने हा कागद उघडूनही पाहिला नव्हता.

मला रडू आलं. मग सगळं सांगितलं. ते आता तुला सांगते. माझं शिकाऊ लायसन ऑगस्टमध्येच संपलं होतं. पक्कं काढायला मी गेलेच नव्हते. याडीला चष्म्यासाठी उमरखेडला न्यायचं होतं, ती म्हणत होती एसटीने जाऊ, मीच म्हटलं स्कूटीने दहा मिनिटांत जातो. आणि वॉर्डात लखीराम जेव्हा तुला म्हणाला, "गाडी तू चालवत होता," तेव्हा मला हलकं वाटलं. मला ते खोटं हवं होतं, भाऊ. कागदावर का होईना, गाडीवर मी नसावं असं वाटत होतं. याडीने सही करावी म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. आणि तुला कधी सांगितलं नाही, पण तू गेल्यावर त्याने माझ्याही दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. मी दिल्या.

मॅडम रागावल्या नाहीत. दुकानातून पाणी मागवलं. म्हणाल्या, "नीट ऐक. मागं बसलेल्या माणसाचा काय दोष? चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं, अगदी थोडी चूक तिचीही निघाली, तरी मागं बसलेल्या बाईची भरपाई त्यानं कमी होत नाही. टिप्परच्या विमा कंपनीकडून ती पूर्ण मागता येते. ते वाद घालतील, घालू दे. तुला लायसनचा दंड होईल, तो भर. पण गाडीवर खोटा माणूस बसवला आणि ते उघडं पडलं, तर आईचा खरा पायही कोर्टाला खोटा वाटेल. आणि तुझ्या भावावर गुन्हा दाखल होईल."

म्हणजे ते खोटं बोलायची गरजच नव्हती. त्या खोट्यापायी आपण चार महिने बोललो नाही.

तू सही केलेला कागद अजून कुठे दाखल झालेला नाही, असं मॅडम म्हणतात. तो लखीरामकडून परत घे. माझे दोन कोरेही. तो मला देणार नाही, तुला देईल. माझ्यासाठी नको करू. याडीसाठी कर.

निघताना याडीने वकीलपत्रावर सही केली. तिची सही तुला माहीत आहे, प्रत्येक अक्षराला वेळ लागतो. मॅडम वाट पाहत बसल्या.

अर्पिता


२१ मार्च २०२३

ओमभाऊ,

रजिस्टर पोस्टाने पाकीट मिळालं. तुझा कागद दोन तुकड्यांत आणि माझे दोन कोरे तसेच. सोबत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

लखीरामने सहजासहजी दिले नसणार. तू सुट्टी टाकून नागपूरला गेलास हे याडीच्या बोलण्यातून निसटलं. माझे कोरे तू फाडले नाहीस, ते मी फाडले. बहुतेक म्हणूनच तसे पाठवलेस.

अर्ज सतरा तारखेला दाखल झाला.

त्याआधी रविवारी नयन मॅडम तांड्यावर आल्या होत्या, उमरखेडपर्यंत एसटी, पुढे ऑटो. मला वाटलं सह्या राहिल्या असतील. त्या म्हणाल्या, "मला काम पाहायचं आहे." याडीला म्हणाल्या, रोज जे करायचीस ते करून दाखव, जमेल तेवढं. ती चुलीपुढे गेली, उभी राहिली, बसता येईना. पाण्याची घागर उचलली तर वॉकर सुटला. मग आम्ही शेताकडे गेलो. बिजलीकाकीच्या भुईमुगात बाया होत्या. मॅडमने काकीला विचारलं, निंदण करताना दिवसभर कसं बसता, किती तास, मजुरी काय, त्यांच्या कागदावरची मानीबाई, म्हणजे आपली याडी, किती वर्षांपासून तुमच्यासोबत होती. काकी म्हणाली, "मानी आमच्या फुडं राहे. तिची ओळ आधी सरे." मॅडमने ते तसंच्या तसं लिहून घेतलं आणि काकीला विचारलं, हे कोर्टात सांगशील का? काकी घाबरली, मग हो म्हणाली.

भाऊ, मी बीए झाले, याडी चौथीपर्यंत शिकली. मी मोबाइलवरचे तारे पाहत होते आणि ती बाकावर बसून माणूस पाहत होती. मला तेव्हा तिची लाज वाटली होती. ते आता आठवलं की मान खाली जाते.

अर्पिता


१० जुलै २०२४

ओमभाऊ,

वर्षभराहून जास्त लिहिलं नाही, कारण तारखांवर तारखा पडल्या, सांगण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन यायचा, उद्या काही होणार नाही, येऊ नका. किंवा, उद्या या. असा फोन यायचा म्हणून त्या बाकावरच्या बाया याडीला नशीबवान म्हणायच्या.

तू पाठवलेलं उंच स्टूल अंगणवाडीत ठेवलं आहे. ती त्यावर बसून लेकरांना गाणी म्हणून दाखवते. सेविकाबाईंनी तिला कामावर ठेवून घेतलं, पण स्वयंपाक दुसरीकडे गेला. शेतातलं काम कायमचं संपलं.

काल आमच्या साक्षी झाल्या. आधी याडीची. विमा कंपनीचे वकील वयस्कर होते, हळू बोलणारे. विचारलं, "बाई, तुम्ही खुर्चीवर बसू शकता ना?"

"बसू शकतो."

"मग खुर्चीवर बसून कामं करता येतात."

"येते साहेब. निंदन नाई येत. वावरात खुर्ची नेली तरी तन खालीच असते."

न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि ते उत्तर स्वतः सांगून टाइप करून घेतलं.

मग मी. मॅडमने आदल्या दिवशी मला काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं. फक्त म्हणाल्या होत्या, विचारतील तेवढंच सांग, आणि जे आहे तेच सांग.

"गाडी तुम्ही चालवत होतात?"

"हो."

"त्या दिवशी तुमच्याकडे वैध लायसन होतं?"

"नव्हतं. शिकाऊ होतं, ते ऑगस्टमध्ये संपलं होतं. मी दंड भरला आहे."

"म्हणजे गाडी चालवण्याची तुमची लायकी नव्हती, आणि तुमच्या हातून आईचा पाय गेला, असं म्हटलं तर?"

मॅडम उठतील असं वाटलं. त्या अर्ध्या उठल्या होत्या. मी आधीच बोलायला लागले.

"लायसन नव्हतं, ही माझी चूक. त्या दिवशी मी आईला स्कूटीवर नेलं, तीही माझीच चूक. टिप्पर इशारा न देता वळला, ती माझी चूक नाही. मी गाडी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीच्या आत ठेवली होती."

ते वकील कागद मिटून म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत.

'ती माझी चूक नाही' हे मी दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले. मनातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. तू जे म्हणाला होतास तेच मीही रोज म्हणत होते, आणि तुझ्यापेक्षा जास्त वेळा.

बाहेर आल्यावर मॅडमने आधी आम्हाला बाकावर बसवलं. कॅन्टीनमधून तीन चहा आणले, एक याडीला, एक मला. स्वतःचा कप त्या उचलायलाच विसरल्या, म्हणाल्या, मला रात्रभर झोप लागली नाही. ऐंशी केसा केलेल्या बाईला माझ्यासाठी भीती वाटत होती, हे पाहून मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी नीट लिहू शकत नाही.

अर्पिता


३० नोव्हेंबर २०२५

ओमभाऊ,

निकाल लागला. फोनवर याडीने तुला "झालं बाप्पा एकदाचं" एवढंच सांगितलं असणार.

चूक टिप्परचालकाची ठरली. विमा कंपनीने पूर्ण रक्कम व्याजासह द्यायची आहे. माझ्या लायसनवरून याडीचा एक रुपयाही कापला नाही. बिजलीकाकीची साक्ष धरली, शेतमजुरीची कमाई मान्य केली. खुर्चीचं उत्तर निकालात जसंच्या तसं आहे.

मॅडम निकालाची प्रत घेऊन खाली दुकानात आल्या. अजूनही आम्ही तिथेच बसतो. त्यांनी सगळा निकाल मराठीत सांगितला, एकेक पान. रक्कम सांगितली. याडीने मान हलवली. मला वाटलं ती पुन्हा विचारील, नक्की किती, कधी मिळेल. तिने ते विचारलं नाही.

म्हणाली, "पोरीबद्दल काय लिवलं?"

मॅडमने मागची पानं उलटली आणि वाचून दाखवलं. त्या वाक्याचा अर्थ असा की, साक्षीदार अर्पिता राठोड हिने स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्टही लपवली नाही, त्यामुळे अपघात कसा घडला याबद्दलच्या तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यास काहीच अडचण नाही.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

याडीने तो कागद हातात घेतला. इंग्रजी तिला येत नाही, तरी ओळ कुठली ते विचारून तिच्यावर बोट फिरवलं, सही करते तितक्याच हळू. दुकानदार गिऱ्हाईक सोडून पाहत होता. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मग याडी मला म्हणाली, "हे ओमले लिव. मी फोनवर सांगतो त तो म्हनन, आई हाय, आई असंच म्हनते. हे कोर्टानं म्हटलं हाय."

म्हणून हे पत्र. त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आहे. रेघ याडीने मारली, म्हणून वाकडी आहे. रकमेचं पान जोडलेलं नाही. ते पाहायचं असेल तर घरी ये.

तुझी बहीण,
अर्पिता